सातबाऱ्याला फेरफार आहे, शेतकरी क्रमांकाला का नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कांदा आणि वीजबिल या दोन विषयांवर सकाळपासून भरपूर बोलणे झाले. जेवणाआधी आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकायला रुक्ष आहे: शेतकरी ओळख क्रमांक, त्याला जोडलेल्या नोंदी आणि त्या नोंदींचा माग. पण भावाच्या खालोखाल गावोगाव कानावर येणारी तक्रार हीच आहे. पैसे अडले, आणि कुठे अडले ते कोणी सांगत नाही. तलाठी म्हणतो बँकेत जा. बँक म्हणते कृषी सहायकाला भेटा. कृषी सहायक म्हणतो, पोर्टलवर तसेच दिसते, ते वरून आले आहे. (या दोघांचीही पदनामे सरकारने आता बदलली आहेत, काम तेच आहे म्हणून आम्ही जुन्या नावांनीच बोलतो.) हे 'वरून' म्हणजे नेमके कुठून, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ज्यांनी येताना सातबारा आणला आहे त्यांनी तो उघडून समोर धरा. गाव नमुना सातमध्ये तुमच्या नावाजवळ एक आकडा आहे. तो फेरफार क्रमांक. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर तो गोल करून लिहिलेला असे आणि ज्याचे नाव कमी झाले त्याला कंस केलेला असे. नव्या छापील उताऱ्यावर शेवटचा फेरफार क्रमांक, त्याची तारीख आणि जुन्या फेरफारांचे क्रमांक येतात. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उघडली की कळते की तुमचे नाव या कागदावर कसे आले: खरेदीने की वारसाने, वाटणीने की कोर्टाच्या हुकमाने, कोणत्या तारखेला, कोणाच्या वर्दीवरून, आणि कोणत्या मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित केली. त्याआधीचे नाव कसे आले ते पाहायचे तर मागचा क्रमांक घ्यायचा. असे करत माणूस पणजोबापर्यंत पोचतो.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० मध्ये ही रीत घालून दिली आहे. फेरफार धरला की त्याची नक्कल चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, कोणी हरकत घेतली तर ती वेगळ्या वहीत, सहा-अ मध्ये, लिहायची, तिचा निकाल लावायचा आणि मगच नोंद पक्की करायची. एवढा खटाटोप कशासाठी? कारण पुढे कलम १५७ आहे. हक्काच्या नोंदीत जे लिहिले आहे ते खोटे ठरेपर्यंत खरे मानले जाते. ज्या कागदाला एवढी ताकद द्यायची, त्याच्यावरची प्रत्येक ओळ कुठून आली हे सांगता आलेच पाहिजे.

आम्ही महसूल खात्याचे गोडवे गायला उभे राहिलेलो नाही. नोटीस कागदावर बजावली जाते आणि घरी पोचत नाही, वारसाच्या नोंदीसाठी किती हेलपाटे पडतात, चहापाण्याशिवाय वही कशी उघडत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. पण माणूस लबाड असला तरी रीत चोख होती. लबाडी झाली तर ती कोणत्या क्रमांकाने, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने झाली हे वहीत राहायचे. प्रांताकडे अपिलात जाताना तोच क्रमांक हातात धरून जाता यायचे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो मायबहिणींची नावे सातबाऱ्यावर लागली. आज एखादा पुतण्या उठून विचारू लागला की हे नाव इथे आलेच कसे, तर बाईला वाद घालत बसावे लागत नाही. ती फेरफाराचा क्रमांक दाखवते.

संगणकाच्या धंद्यातही नेमकी हीच गोष्ट आहे. तिला ते 'डेटा लिनिएज' म्हणतात. आपण वंशावळ म्हणू. जातीच्या दाखल्यासाठी, वारसासाठी आपण वंशावळ काढतोच, तशीच नोंदीचीही वंशावळ असते. परदेशात मोठ्या कंपन्या यासाठी खास सॉफ्टवेअर विकत घेतात. त्यात प्रत्येक नोंदीचे जणू एक खाते असते: ही माहिती कोणाकडून घेतली, कशासाठी घेतली, कोणत्या यादीत ठेवली, तिथून कोणाला दिली, कधी काढून टाकायची. एका नोंदीपासून दुसरीकडे रेघ ओढलेली असते. एका ठिकाणी पत्ता बदलला की तो पत्ता आणखी कोणकोणत्या यादीत गेला आहे हे लगेच दिसते. कंपन्या हा खर्च प्रेमापोटी करत नाहीत. कायदा विचारतो आणि दंड मोठा असतो, म्हणून करतात.

आता नीट लक्ष द्या. वंशावळ दोन बाजूंनी वाचता येते. एक मागे, बापाकडे आजाकडे. दुसरी पुढे, लेकराबाळांकडे. सातबाऱ्याच्या फेरफाराने आपल्याला मागची बाजू दिली. पुढची बाजू त्या वहीत कधीच नव्हती. तुमच्या उताऱ्याची नक्कल सोसायटीत गेली, बँकेत गेली, खरेदी केंद्रावर गेली, हे फेरफाराच्या वहीला माहीत नसायचे. आणि त्याने बिघडतही नव्हते, कारण उतारा तुमच्याच खिशातून प्रवास करायचा. तुम्ही तो काढायचा, तुम्ही घडी घालायची, तुम्हीच सोसायटीच्या सचिवाच्या हातात द्यायचा. तो कोणाला दिला हे तुमच्या डोक्यात असायचे, आणि चूक असेल तर द्यायच्या आधी दिसायची. आज नोंद तारेवरून जाते. एका खात्याच्या संगणकातून दुसऱ्या खात्याच्या संगणकात, आणि तुम्ही त्या वेळी शेतात असता.

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२४ रोजी डिजिटल कृषी मिशनला मंजुरी दिली. खर्च २,८१७ कोटी रुपये. त्यातल्या अ‍ॅग्रीस्टॅकमध्ये तीन मोठ्या वह्या आहेत: शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंदवही. आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा ११ आकडी क्रमांक म्हणजे खुंटी आहे. तिला आधार बांधले आहे, सातबारा बांधला आहे, मोबाईल बांधला आहे. पीक पाहणी, विमा, सन्मान निधी, कर्ज यांचे दावेही याच खुंटीकडे येत आहेत. आमचा खुंटीला विरोध नाही. दहा कचेऱ्यांत दहा वेळा तेच कागद द्यायचे ही काही चैन नव्हती. संगणक आला की झोडपायचा, हा आपल्या चळवळीचा स्वभाव नाही. प्रश्न दाव्याचा आहे. कोणता दावा कोणी बांधला, कधी बांधला आणि त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे?

एक उदाहरण घेऊ. एक खातेदार वारला. मागे बायको आणि दोन मुलगे. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची म्हणून. मोहीम चांगली होती. या बाईचे आणि मुलांचे नाव फेरफाराने लागले. सातबारा जिवंत झाला. पण सन्मान निधीच्या यादीने त्या सातबाऱ्यावरून नवऱ्याचे नाव काही वर्षांपूर्वी उचलले होते. विम्याने वेगळ्या हंगामात उचलले. सोसायटीने त्याच्याही आधी. पीक पाहणीची मागच्या खरिपाची नोंद नवऱ्याच्या खात्यावर आहे. सातबारा बदलल्याची खबर यातल्या कोणाकोणाला गेली? बाईला माहीत नाही. तलाठ्याला माहीत नाही, कारण त्याच्या वहीत पुढची बाजूच नाही. नवऱ्याच्या नावाचे हप्ते जमा होत राहिले तर उद्या वसुलीची नोटीस येईल, आणि विम्याचा दावा 'नाव जुळत नाही' म्हणून परत जाईल. एकाच मृत्यूमुळे एका यादीत बाई पैसे खाणारी ठरते आणि दुसऱ्या यादीत ती अस्तित्वातच नसते.

नाव जुळण्याचा प्रकार तर विचारूच नका. सातबाऱ्यावर नाव 'सखुबाई भ्र. रामा', आधारवर नवऱ्याचे पूर्ण नाव आणि आडनाव, बँकेत सासरचे एक आणि जुन्या खात्यात माहेरचे एक. त्यात जुन्या उताऱ्यांवर 'अ.पा.क.' आणि 'ए.कु.मॅ.' आहेच. ही दोन नावे एकाच बाईची आहेत हे गावातले पोर सांगेल. संगणक अक्षरे मोजतो. कोणीतरी कुठेतरी ठरवतो की ही नावे जुळतात किंवा जुळत नाहीत. तो निर्णय हाही एक फेरफारच आहे. त्याला क्रमांक का नाही?

इतर हक्काच्या रकान्यातला बोजा घ्या. कर्ज फिटले, दाखला मिळाला, पण बोजा कमी करण्याचा फेरफार कोणी धरलाच नाही. पूर्वी नव्या बँकेत गेले की साहेब विचारायचा आणि तुम्ही दाखला दाखवायचा. आता रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी एक सामाईक यंत्रणा उभी केली आहे. १७ ऑगस्ट २०२३ ला ती प्रायोगिक सुरू झाली आणि २०२४ साली तिला युनिफाइड लेंडिंग इंटरफेस हे नाव मिळाले. जमिनीची नोंद त्यातून थेट कर्ज देणाऱ्याकडे जाते. हेलपाटे वाचतात, हे खरे. पण जुना बोजाही तितक्याच वेगाने पोचतो, आणि दाखला दाखवायला समोर साहेब नसतो.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. २०१७ ची कर्जमाफी आठवा. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, बँकांकडून ६६ रकान्यांचे तक्ते मागवले आणि दोन्ही एकमेकांना जुळवायला घेतले. याद्या निघाल्या तेव्हा एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसत असल्याची तक्रार खुद्द बँकांनी केली. तो आकडा अर्जातून आला, तक्त्यातून आला की जुळवताना घुसला? प्रत्येक आकड्याच्या मागे त्याचा उगम लिहिलेला असता तर दिवसभराचे काम होते. लिहिलेला नव्हता, म्हणून शेतकरी रांगेत उभा राहिला.

२०२४ साली आदल्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजारांचे अर्थसाहाय्य निघाले. (भाव पाडून जे घेतले त्यातला चतकोर परत देण्याचा हा प्रकार. त्यावर सकाळी बोलणे झाले आहे.) पात्रता ई-पीक पाहणीच्या नोंदीवरून ठरवली. ज्यांची पाहणी मोबाईलला रेंज नाही म्हणून राहिली ते बाहेर पडले, आणि पुढे ती अट सैल करावी लागली. पीक पाहणी म्हणजे मुळात गाव नमुना बाराची नोंद. ती शेतात काय उभे आहे हे लिहिण्यासाठी होती. तिच्यावरून पैसे ठरतील हे भरताना किती जणांना माहीत होते? वंशावळीत हीसुद्धा एक ओळ असते: कशासाठी घेतली आणि कशासाठी वापरली. याच अर्थसाहाय्याच्या वेळी आपल्याकडून आधारची संमतीपत्रे घेतली. सही सगळ्यांनी केली. नक्कल किती जणांकडे आहे, हात वर करा. पाहिले?

कायद्याचे काय, असे विचाराल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. हक्कांची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील असे ठरले. कलम ११ चांगले आहे. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती तुम्ही आणखी कोणाकोणाला दिली, नावानिशी सांगा, असे विचारण्याचा हक्क ते देते. कलम १२ दुरुस्तीचा हक्क देते. पण दोन्ही कलमांत मेख आहे. हा हक्क तिथे आहे जिथे तुम्ही संमती दिली होती. अनुदान, लाभ, दाखला देण्यासाठी सरकार स्वतःच्या नोंदवहीतूनच माहिती उचलू शकते, ती वाट कलम ७ मध्ये वेगळी ठेवली आहे, आणि त्या वाटेने गेलेल्या माहितीला ११ आणि १२ लागू होतात असे तिथे लिहिलेले नाही. म्हणजे बियाण्याच्या कंपनीच्या अ‍ॅपला तुम्ही जाब विचारू शकता. ज्याच्यापाशी तुमचा सातबारा, आधार, बँक, पीक आणि कर्ज सगळे एका खुंटीला बांधलेले आहे, त्याला विचारताना कायदा पुटपुटतो. माहिती बरोबर आणि पूर्ण असावी अशी जबाबदारी कलम ८ मध्ये टाकली आहे. जबाबदारी आहे, पण ती पाळली गेली की नाही हे तपासायला लागणारा माग आपल्या हातात नाही. वर खोटी तक्रार केली तर तक्रार करणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड, ही तरतूद मात्र स्पष्ट आहे.

सरकार म्हणते की शेतकऱ्याच्या माहितीवर शेतकऱ्याचाच ताबा राहील आणि ती त्याच्या संमतीनेच पुढे जाईल. आम्ही हे शब्द धरून ठेवतो. ताबा म्हणजे काय, ते युरोपातल्या कायद्यात पाहा. तिथला माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे १९ वे कलम म्हणते की एखादी नोंद दुरुस्त केली किंवा काढली, तर ती ज्याला ज्याला दिली होती त्या प्रत्येकाला तसे कळवायचे, आणि माणसाने विचारले तर ती नावे त्याला सांगायची. फारच अशक्य असेल तरच सूट. ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीला एका माणसाने विचारले की माझी माहिती कोणाला दिली. कंपनीने 'व्यापारी ग्राहकांना' अशा थाटाचे मोघम उत्तर दिले. युरोपच्या न्यायालयाने १२ जानेवारी २०२३ ला निकाल दिला की मोघम उत्तर चालणार नाही, नावे सांगा. आपल्याकडच्या 'वरून आले' या उत्तराला याहून चांगले औषध आम्हाला माहीत नाही.

आमची मागणी म्हणून साधी आहे. शेतकरी ओळख क्रमांकाला गाव नमुना सहा द्या. त्या क्रमांकाला जोडलेल्या कोणत्याही नोंदीत बदल झाला तर त्याला क्रमांक पडावा. बदल कोणत्या नोंदीवरून आला, कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याच्या किंवा कोणत्या यंत्रणेच्या हातून, आणि तिथून पुढे कोणाला दिला, हे त्यात असावे. लाभ बंद होणार असेल तर आधी नोटीस आणि हरकतीला पंधरा दिवस. मूळ नोंद दुरुस्त झाली की तिच्यावरून ज्यांनी ज्यांनी उचलले त्या सगळ्यांना खबर, आणि खबर कोणाला गेली त्याची यादी खातेदाराला, मराठीत, कागदावर. संगणक आतल्या आत यातले बरेच काही लिहून ठेवतच असणार. आम्ही नवी वही मागत नाही, असलेली वही खातेदाराला दाखवा म्हणतो.

एका बाबतीत मात्र जुनी रीत जशीच्या तशी घ्यायची नाही. जमिनीचा फेरफार चावडीवर लागतो ते योग्य आहे, कारण जमिनीच्या हक्काशी शेजाऱ्याचाही संबंध असतो. बँक खाते, आधार, मोबाईल, कर्जाची थकबाकी यांचा माग चावडीवर लागता कामा नये. तो फक्त खातेदाराला दिसावा. आणि त्या मागाच्या वहीत कोणी डोकावले तर त्याचीही नोंद व्हावी. कोणाचे काय कुठे गेले हे एका जागी लिहिलेली वही ही सावकाराला आणि निवडणुकीच्या उमेदवाराला फार गोड लागणारी चीज आहे. तिला कुलूप नसेल तर आम्हाला ती वही नको.

मागणी मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर हात जोडून बसायचे कारण नाही. आधी मूळ पाहा. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. सातबाऱ्यावर लेखनाची चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करा. फिटलेला बोजा कमी करून घ्या. वारस राहिले असतील तर नोंद धरायला लावा आणि प्रमाणित फेरफाराची नक्कल घरात ठेवा. मग त्या फेरफाराची नक्कल जोडून सोसायटी, बँक आणि कृषी कार्यालय यांना वेगवेगळे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढची रेघ सरकार ओढत नाही तोवर ती आपणच ओढायची, प्रत्येक पोच म्हणजे त्या रेघेचा एक ठिपका.

दुसरे, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचे तिकीट लावून विचारायचे: माझ्या ओळख क्रमांकाला आज कोणत्या नोंदी जोडलेल्या आहेत, प्रत्येक नोंद कोणत्या कार्यालयाकडून कोणत्या तारखेला घेतली, आणि ती कोणाकोणाला दिली. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती मागणे आता अवघड झाले आहे, कारण नव्या कायद्याने ते कलमच बदलले. स्वतःची मागायला ती अडचण सांगता येणार नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. 'अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर आले तर नाराज होऊ नका. ते सरकारच्या सहीशिक्क्याचे उत्तर आपल्याला हवेच आहे.

अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. मायबहिणींनी स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज करावा, नवऱ्याच्या अर्जात दोन्ही खाती घालू नयेत. आलेली उत्तरे, चांगली असोत वा वाईट, पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. आपापल्या तालुक्याच्या गठ्ठ्यात लावू आणि तो गठ्ठा घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.